ओइवाच्या ओळी

हाउकिवारा, १२ मार्च १९८४

ती. दादास,
ताइमीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. दोन्ही गाई बऱ्या, मी बरी, फक्त शाळेच्या स्वयंपाकघरातली नवी चूल बरी नाही. दर गुरुवारी वाटाण्याचं सूप तळाला लागतं. तिसरीतल्या पोरांनी मला सांगितलं, करपलेलंच जास्त चांगलं लागतं, मागच्या बाई इतकं छान करपवत नव्हत्या. ही स्तुती की टोमणा, तूच ठरव.

आता कामाचं. गेल्या मंगळवारी वनसंस्थेची सल्लागार स्कीवरून आली होती. क्युल्लिक्की अहवेनाइनेन नाव, वय सव्वीस, डोक्यावर लालभडक टोपी. मला वाटलं, ही पोरगी मला काय शिकवणार! पण दादा, ती आपल्या बर्चच्या रानात शिरली. पाच मिनिटं मान वर करून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, ही झाडं एकमेकांच्या ताटातलं खातायत.

आपण लावलेली आणि वाऱ्यावर बी येऊन उगवलेली, अशी तुझ्या अर्ध्यात पंधराशेच्या वर आहेत, माझ्या अर्ध्यातही तेवढीच. चौदा वर्षांत बारा मीटर उंच झालीत, पण जाडी माझ्या मनगटाहून थोडी जास्त, एवढीच. तिनं मला खालच्या वाळक्या फांद्या दाखवल्या. बर्चला सावली सोसत नाही. दाटीत खालच्या फांद्या वाळतात, हिरवा भाग वर वर सरकतो, आणि एकदा वर गेलेला हिरवा भाग पुन्हा खाली येत नाही. स्प्रूस वाट बघतो, ती म्हणाली, पाइनसुद्धा थोडी बघतो, बर्च नाही बघत. झाडाची निम्मी उंची हिरवी असेपर्यंतच विरळणी करायची. आपल्याकडे तो वेळ आत्ता आहे, आणखी चार-पाच वर्षांनी नसेल.

किती काढायची, असं मी विचारलं. तिघांतली दोन, म्हणाली. पंधराशेतली हजार काढायची, पाचशे ठेवायची. मी कॉफीचा कप खाली ठेवला. ती मात्र माझी भाकरी आणि लोणी खात राहिली.

पूर्वेकडचा अर्धा भाग तुझ्या नावावर आहे, म्हणून विचारते. तुझं काय म्हणणं?

गुनवोर वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो विरळ करू नये ही विनंती.

तुझी
ताइमी

---

गोटेनबर्ग, २५ मार्च १९८४

चि. ताइमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. इथे पाऊस. इथे पावसाशिवाय काही लिहिण्यासारखं असलं, तर ते कारखान्यात असतं, आणि कारखान्यात रोज एकच घडतं: गाडी येते, मी डावा दरवाजा बसवतो, गाडी जाते. आम्ही फिन लोक दुपारी एका टेबलावर बसतो आणि कोणी काही बोलत नाही. स्वीडिश लोकांना वाटतं आमचं भांडण झालंय.

तुझ्या लाल टोपीवालीला माझा सलाम सांग, आणि सांग की माझ्या अर्ध्यात तिनं पाऊल टाकायचं नाही. हजार झाडं! बाबांनी एकसष्टाव्या वर्षी कंबर मोडून लावलेली. युद्धानंतर आपलं घर पलीकडच्या, रशियाकडे गेलेल्या कारेलियात राहिलं, आणि या परक्या जंगलात माणसानं वीस वर्षं दगड उपटून शेत केलं. मग सरकार म्हणालं, शेतं खूप झाली, झाडं लावा. तर त्यांनी तीही लावली. आणि आता सव्वीस वर्षांची पोरगी येऊन म्हणते, तिघांतली दोन तोडा. उद्या तिला बटाट्याच्या शेतात ने. म्हणेल, बटाटेसुद्धा दाट झालेत.

तुझा अर्धा तुझा आहे. त्यात काय हवं ते कर, मी आडवा येणार नाही. पण माझ्या अर्ध्यात एक फांदी तुटलेली मला चालणार नाही. हे शेवटचं.

गुनवोर विचारते, तू अजून एकटीनं करवत चालवतेस का? मी म्हटलं, करवतीला हिची भीती वाटत असेल.

तब्येतीला जप. पत्र लिहिण्यात हात आखडू नकोस.

तुझा
ओइवा

---

हाउकिवारा, २१ ऑक्टोबर १९८४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झालं. माझा अर्धा विरळ झाला.

शेजारच्या पाकारिनेननं मोटरची करवत दिली आणि ती कशी धरायची ते शिकवलं. त्याआधी सारखं म्हणायचा, बाईमाणसानं सूप ढवळावं. मी म्हटलं, सूपही ढवळते, ये एकदा, करपलेलं वाढते. तेव्हा हसला आणि करवत दिली.

क्युल्लिक्की दोन दिवस माझ्याबरोबर होती. आईच्या जुन्या निळ्या पडद्याच्या चिंध्या करून आम्ही ठेवायच्या झाडांना बांधल्या. ती तोडायचं झाड शोधतच नाही. सरळ खोड, भरदार हिरवा शेंडा असलेलं झाड दिसलं की चिंधी बांधते आणि पुढे जाते. जी उरली ती उरली. मी एका झाडापाशी अडून बसले, म्हटलं हे किती गोड आहे. ती म्हणाली, वर बघा. वर बघितलं तर शेजारच्या दोघांनी मिळून त्याचा शेंडा एका अंगाला ढकललेला. मी चिंधी सोडली.

पहिलं झाड कापलं तेव्हा एक गोष्ट कळली, ती सांगते. ते पडलंच नाही. बुंध्याशी पूर्ण कापलं, तरी शेजारच्यांच्या फांद्यांत अडकून तसंच उभं राहिलं. पडायलासुद्धा जागा नव्हती त्याला! मी आणि पाकारिनेननं खांदा लावून ते ओढून काढलं. त्यानंतर माझ्या मनातली शंका गेली.

शाळा सुटल्यावर रोज उजेड असेपर्यंत काम केलं, एकूण सव्वीस दिवस. चार वर्षांचं सरपण झालंय. शेवटच्या दिवशी मी मध्ये उभी राहिले आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तिथल्या जमिनीवर ऊन पडलेलं बघितलं. खरं सांगते, जरा भीतीच वाटली. किती मोकळं दिसतंय! लोक रस्त्यानं जाताना सायकल थांबवून बघतात आणि काही न बोलता निघून जातात, आणि आपल्या गावात याचा अर्थ काय ते तुला माहीत आहे.

तुझ्या अर्ध्याला हात लावलेला नाही. शिवणाच्या फितीनं दोन्हीकडची वीस वीस झाडं छातीएवढ्या उंचीवर मोजून ठेवलीत. घेर सरासरी सत्तावीस सेंटिमीटर, दोन्हीकडे सारखाच. पुढे बघू.

वहिनींना नमस्कार. माया असू दे.

तुझी
ताइमी

---

हाउकिवारा, ११ डिसेंबर १९८४

ती. दादास,
न. वि. वि.

हात दुखतायत म्हणून अक्षर असं आहे.

मागच्या बुधवारी ओला बर्फ पडला, चिकट, कणकेसारखा, वारा अजिबात नव्हता. सकाळी दार उघडलं तर माझा सगळा अर्धा वाकलेला. झाडं बारीक आणि उंच, आणि आता टेकायला शेजारी कोणी नाही. काहींचे शेंडे जमिनीला लागले होते. तुझ्याकडची ताठ. एकमेकांना धरून उभी.

मी शाळेत निरोप पाठवला आणि आपली ती मासे धरायची जाळी सुकवायची लांब काठी घेऊन गेले. गोठायच्या आत झटकायला हवं होतं. एकेका झाडाला हलकेच हलवायचं, सगळा बर्फ अंगावर घ्यायचा, पुढच्याकडे जायचं. तीन दिवस. पाचशे झाडं, दादा! दुसऱ्या दिवशी क्युल्लिक्की आपणहून आली. तिनं काही समजावलं नाही, सबब सांगितली नाही. फक्त म्हणाली, हा धोका मी तुम्हाला एका वाक्यात सांगितला होता, दहा वाक्यांत सांगायला हवा होता. मग दुसरी काठी घेतली. तिच्या लाल टोपीचा रंग ओघळून कपाळावर आला होता.

पाकारिनेन कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, झाडं कमरेत वाकून विचारतायत, आमची भावंडं कुठे गेली. गमतीनं म्हणाला असेल. मी त्याच्याशी तीन दिवस बोलले नाही.

साठ तरी मोडली. बाकीची अजून वाकलेली आहेत. क्युल्लिक्की म्हणते, वसंतापर्यंत थांबा. मी थांबते, दुसरं काय करणार? पण तू म्हणाला होतास ते खरं होतं, मी बाबांचं रान नासवलं, असं सारखं मनात येतं.

जास्त लिहवत नाही. नाताळच्या शुभेच्छा.

ताइमी

---

गोटेनबर्ग, २७ डिसेंबर १९८४

चि. ताइमीस,
आशीर्वाद, आणि हे पत्र बसून वाच.

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी मिळालं. गुनवोरनं हॅम ओव्हनमधून काढला आणि मी तसाच बसलो होतो. मी म्हणालो होतो ते खरं होतं, असं तू लिहितेस. नव्हतं. मी जे म्हणालो, त्यामागचं कारण मी तुला लिहिलंच नव्हतं.

तू मार्चच्या पत्रात 'आपण लावलेली' असं लिहिलंस. तू चांगुलपणानं लिहिलंस, आणि मला ते लागलं. मी एकही झाड लावलेलं नाही. सत्तर सालच्या मे महिन्यात बाबांनी शेतात दोरी ताणली आणि पूर्वेकडच्या ओळी मला दिल्या. मी कुदळ फेकली. म्हटलं, वीस वर्षं दगड उपटलेत ते कशाला, परत जंगल करायला? सरकार बस म्हणालं की बसता, ऊठ म्हणालं की उठता. असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. मी दुपारची बस पकडली, आणि दोन वर्षांनी आलो तो त्यांना पुरायला.

तेव्हा माझ्या अर्ध्यातलं प्रत्येक झाड त्यांनी माझ्याऐवजी लावलंय. ते तोड असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? तुझ्या टोपीवालीचं बरोबर की चूक, हा प्रश्नच नव्हता.

तीन दिवस बर्फात उभं राहून पाचशे झाडं झटकणारी माणसं आमच्या कारखान्यात नाहीत. मी टेबलावर ही गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कोणीतरी बोललं. क्वोपिओचा एक म्हातारा म्हणाला, तुझ्या बहिणीला माझा टोपी काढून नमस्कार सांग. तो सांगितला.

हातांना मेंढीची चरबी लाव. रागावू नकोस.

तुझा
ओइवा

---

हाउकिवारा, १९ मे १९८५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला, कारण सांगायला काहीतरी चांगलं हातात हवं होतं. आता आहे. झाडं उठली! सगळी नाही, पण बहुतेक. एप्रिलमध्ये रोज थोडी थोडी, म्हाताऱ्या माणसासारखी, आधी कंबर मग मान. आता पानं फुटलीत. माझ्याकडे चारशे चाळीस उभी आहेत.

तू बस पकडलीस ते मला ठाऊक होतं रे. मी चोवीस वर्षांची होते, रोपांची टोपली माझ्याच हातात होती. तू दिसेनासा होईपर्यंत बाबा उभे होते. मग त्यांनी तुझी कुदळ उचलली, चिखल पुसला. माझ्या ओळी आधीच लावून झाल्या होत्या, थोड्या वाकड्यातिकड्या, त्यांनी कधी पर्वा केली नाही. पण पूर्वेकडे गेल्यावर त्यांनी दोरी दोनदा ताणली. मला म्हणाले, ओइवाच्या ओळी सरळ लावू, तो परत येऊन बघेल तेव्हा वेड्यावाकड्या दिसायला नकोत.

एवढंच बोलले. रागानं नाही. संध्याकाळपर्यंत मी रोप देत गेले, ते लावत गेले.

हे तुला पंधरा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. मला वाटायचं, तुला आठवण नको असेल.

तुझ्या अर्ध्याबद्दल आता मी पुन्हा विचारणार नाही. तुला हवं तेव्हा तू सांग.

पाकारिनेन काल अर्धा डझन अंडी घेऊन आला आणि पायरीवर ठेवून गेला. मी माफ केलं. अंडी चांगली होती.

तुझी
ताइमी

---

हाउकिवारा, ३ सप्टेंबर १९८९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाच वर्षं झाली म्हणून काल मोजणी केली. क्युल्लिक्की आता लग्न होऊन नुर्मेसला राहते, तरी मुद्दाम आली, पोटात सात महिन्यांचं बाळ घेऊन. मी फीत धरली, तिनं लिहिलं.

तुझी झाडं: घेर सरासरी तेहेतीस सेंटिमीटर. माझी: त्रेचाळीस. दादा, दोघांची सुरुवात सत्तावीसला होती!

क्युल्लिक्कीनं पोकळ गिरमिटानं एका झाडातून पेन्सिलीएवढी कांडी काढली. त्यात वर्षावर्षाची वलयं दिसतात. चौऱ्याऐंशीपर्यंत वलयं बारीक होत आलेली, शेवटची तर डोळे बारीक करून मोजावी लागतात. पंच्याऐंशीचं तसंच बारीक. त्या वर्षी झाड नुसतं सावरत होतं, ती म्हणाली, मुळं पसरत होतं. आणि शहाऐंशीपासून एकदम रुंद. मी ती कांडी बराच वेळ हातात धरून बसले. मी काय केलं ते झाडानं आत लिहून ठेवलंय, आणि अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

रानाखाली गवत आलंय, रासबेरी आलीय. गावातल्या तिघांनी क्युल्लिक्कीला बोलावून घेतलं. मला रस्त्यात थांबवून विचारतात, तुमच्याकडे किती ठेवली होती? मी वनखात्याच्या साहेबासारखी मान वर करून उत्तर देते.

वहिनींच्या गुडघ्याचं कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताइमी

---

गोटेनबर्ग, १ ऑक्टोबर १९८९

चि. ताइमीस,
अ. आ.

अभिनंदन. पण मीही गणित केलं. तुझी चारशे चाळीस जाडी झाडं आणि माझी, दाटीत मेलेली सोडून, तेराशे बारीक. सगळं लाकूड एकत्र केलं तर माझ्याकडेच जास्त भरतं! टोपीवालीला विचार, हे खरं की नाही.

गुनवोरचा गुडघा सुधारलाय, जीभ आधीपासूनच सुधारलेली होती. ती म्हणते, तेराशे काड्या घेऊन तू काय करणार, दात कोरणार?

तुझा
ओइवा

ता. क. — कांडीचं वाचून मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. क्वोपिओचा म्हातारा विचारतो, माणसात असं गिरमिट घालता येतं का.

---

गोटेनबर्ग, १८ ऑगस्ट १९९६

चि. ताइमीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बोटीवर गुनवोरनं तुझ्या सगळ्या भाताच्या कारेलियन करंज्या खाल्ल्या आणि मला रिकामा डबा दाखवला.

तिथे असताना मी फारसा बोललो नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. त्या शेवटच्या सकाळी तुम्ही दोघी सौनासाठी, वाफेच्या अंघोळीत अंगावर मारायला, बर्चच्या डहाळ्या बांधत होतात, तेव्हा मी एकटाच रानात जाऊन आलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या ओळींमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंत दिसतं, इतक्या सरळ आहेत. बाबांनी दोरी दोनदा ताणली होती, हे तू लिहिलं नसतंस तरी मला कळलं असतं.

पण मग मी वर बघितलं. खालपासून तीन-चतुर्थांश नुसती वाळकी खोडं, आणि पार वर बोकडाच्या दाढीएवढा हिरवा झुपका. जवळजवळ तिसरा हिस्सा उभ्या उभ्या मेलेली. जी जिवंत आहेत ती शेंडा शेंड्याला घासतायत, आणि वाऱ्यात त्याचा आवाज येतो. मी दोन्ही पंजांनी एकाला विळखा घातला, तर बोटं एकमेकांवरून पुढे गेली.

मग तुझ्या अर्ध्यात गेलो. ताइमी, मी इतकी वर्षं तुझी चेष्टा केली. तिथे खोडं पांढरी, जाड, फांद्या अर्ध्या उंचीपासून पसरलेल्या, आणि खाली इतका उजेड की मला डोळे मिचकवावे लागले. एका झाडाला तसाच पंजांनी विळखा घातला, तर बोटं पोचली नाहीत. बाबांच्याच हातचं झाड, तेच वय, तीच माती. मधे फक्त तू होतीस. सूप करपवणारी बाई, तिला कोणी वनशास्त्र शिकवलं नाही. भाऊ आडवा, शेजारी हसतोय, बर्फ पडतोय, आणि ती हातात काठी घेऊन उभी. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी तसाच परत आलो आणि तुला डहाळ्या नीट बांधलेल्या नाहीत म्हणून बोललो. आपल्या घरात असंच करतात.

मी झाडं जपली असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी ती नुसती न बघता ठेवली.

आता सांगतो, तू म्हणाली होतीस तसं: माझ्या अर्ध्याची विरळणी कर. क्युल्लिक्कीला विचार.

तुझा
ओइवा

---

हाउकिवारा, ९ सप्टेंबर १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा पाकारिनेनला वाचून दाखवलं. त्यानं खिडकीकडे बघून नाक पुसलं आणि म्हणाला, धुराड्याचा धूर आत येतोय. चूल पेटलेलीच नव्हती.

क्युल्लिक्की येऊन गेली. तिनं खोटा दिलासा दिला नाही, म्हणून मीही देत नाही. उशीर झालाय. हिरवा झुपका आता खाली वाढणार नाही, ही झाडं माझ्याकडच्यांना कधीच गाठणार नाहीत. एकदम मोकळी केली तर पहिल्याच ओल्या बर्फात आडवी होतील. तिनं दोन मार्ग सांगितले. सगळं तोडून नव्यानं लावायचं. किंवा मेलेली आणि अगदी दुबळी काढायची, मग चार वर्षांनी आणखी थोडी, हळूहळू. त्यातून प्लायवूडचं लाकूड मिळणार नाही. सरपण मिळेल, आणि एक रान मिळेल.

तिनं माझ्या देखत तुझं एक झाड मोजलं. चाळीस सेंटिमीटर. माझी एकसष्ट झालीत. पण तुझ्या ओळींकडे बघून ती म्हणाली, इतकी सरळ लावणी तिनं पूर्ण जिल्ह्यात बघितली नाही. ते मी तुला कळवावं असं तिनं मुद्दाम सांगितलं.

काय करायचं ते तू ठरव. माझं मत विचारलंस तर: बाबांनी लावलंय म्हणून ठेवू नकोस, आणि मी जिंकले म्हणून तोडू नकोस.

तुझी
ताइमी

---

हाउकिवारा, ७ ऑक्टोबर २००१

चि. ताइमीस,
योएन्सूच्या दवाखान्यातल्या खाटेवर, अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी नवा खुबा चांगला बसवला असं फोनवर कळलं. मी डाव्या दरवाजाचा माणूस, सांधा नीट बसला पाहिजे हे मला कळतं. आता नर्सबाई सांगतील तेवढंच चाल, तुझ्या मनाला येईल तेवढं नाही.

इथलं सगळं व्यवस्थित आहे. निवृत्त होऊन इथे परत आल्याला तीन वर्षं झाली, तरी गुनवोरला कोंबड्यांवर अजून स्वीडिशमध्येच रागवावं लागतं. कोंबड्यांना कळतं, पाकारिनेनला कळत नाही. माझ्या अर्ध्यातली दुसऱ्या खेपेची दुबळी झाडं परवा काढून झाली. उरलेली उभी आहेत. घेर पंचेचाळीस. सरपणाचे ढीगही मी ओळीत रचलेत. बाबांनी दोनदा दोरी ताणायची आणि मी ढीग वाकडा रचायचा, हे बरं दिसणार नाही.

काल तुझ्या झाडांची मोजणी केली. तू सांगितलंस तशी, फीत आडवी सरळ धरून, छातीएवढ्या उंचीवर. तुझ्या छातीएवढ्या, माझ्या नाही. त्यासाठी वाकावं लागलं. सरासरी पंच्याहत्तर सेंटिमीटर. तीनदा मोजलं.

आणि आता ऐक. मोजणी चालू असताना प्लायवूडच्या कारखान्याचा खरेदीदार आला. कोट घातलेला, गाडी रस्त्यावर उभी केलेली. आधी माझ्या अर्ध्याकडे बघून म्हणाला, हे कोणी असं सोडलं? मी म्हटलं, एका गाढवानं, तो आता सुधारलाय. मग तुझ्या अर्ध्यात शिरला. खोडांवर हात फिरवत फिरला. म्हणाला, तीस वर्षांत असं लाकूड, पहिली विरळणी अगदी वेळेवर झालेली दिसते, कोणाचं काम हे? आता दुसरी विरळणी झाली पाहिजे, निम्मी काढली तर उरलेली आणखी वीस वर्षांत सोन्यासारखी होतील. तुम्ही मालक का?

मी टोपी काढली. म्हटलं, मालकीणबाई योएन्सूला आहेत, खुबा बदलायला गेल्यात. मी त्यांच्याकडे गडी आहे.

तो म्हणाला, मालकीणबाईंना भेटायला आवडेल. मी म्हटलं, आम्हा सगळ्यांनाच आवडतं.

तर आता दुसरी विरळणी. तू परत आल्यावर तू खुणा कर, मी तोडतो. तोवर एकाही झाडाला हात लावणार नाही. या वेळी खऱ्या कारणासाठी.

चुका पोटात घाल, हाताखाली राहू दे.

तुझा गडी
ओइवा

---

योएन्सू, १२ ऑक्टोबर २००१

ती. दादास,
खाटेवरूनच शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नर्सबाईनं वाचून दाखवलं, माझा चष्मा सापडत नव्हता. 'एका गाढवानं' पाशी ती थांबली आणि मला विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, मोठे भाऊ. थोरले, शहाणे.

आज वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत चालले. इथलं सूप करपत नाही, म्हणून चव नाही.

आता खुणांचं. डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत खडबडीत जमिनीवर जायचं नाही. तोपर्यंत थांबलं तर या हिवाळ्याचं काम चुकेल, आणि आपल्या घरात एकदा उशीर झालाय तेवढा पुरे. तेव्हा खुणा तू कर. क्युल्लिक्कीला फोन करू नकोस, पाकारिनेनला विचारू नकोस, मला कळवू नकोस. चारशे चाळीसमधली कोणती दोनशे वीस राहायची ते तू एकटा ठरव. तुझे डोळे चांगले आहेत, मान वर करायचीही आता तुला सवय झालीय.

मी परत येईन तेव्हा झाडं पडलेली असतील. मी रानात जाईन, सगळीकडे बघेन, आणि काही बोलणार नाही. जमलं तर.

गुनवोर वहिनींना आणि कोंबड्यांना नमस्कार. लोभ दाटच राहू दे.

तुझी
ताइमी